हाताची टेस्ट नॉर्मल आली, पण खांदा उठत नाही

पत्र

डॉक्टर मॅडम, मी २९ वर्षांची आहे. करमाळा तालुक्यात राहते, घरी शिवणकाम करते. साडेतीन महिन्यांपूर्वी मानेच्या डाव्या बाजूची गाठ काढून तपासायला पाठवली. टीबी निघाला, गोळ्या चालू आहेत. पण गाठ काढल्यापासून डावा खांदा खाली आला आहे. पदर ठरत नाही, सारखा घसरतो. वेणी घालता येत नाही, दोरीवर कपडे टाकता येत नाहीत. डाव्या कानाची पाळी बधिर आहे, कानातलं घालताना कळतच नाही. बोटं मात्र नीट चालतात, मुंग्या नाहीत, सुईत दोरा ओवता येतो, कात्री धरता येते. मिस्टरांनी उचलला तर हात वर जातो. आवाज चांगला आहे, पाणी पिताना ठसका लागत नाही. आधी सांगितलं की टाक्यांमुळे आखडलं असेल. मग एकांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं, एकांनी मानेचा मणका, एकांनी टीबीच्या गोळ्यांचा परिणाम. हाताची एनसीव्ही (बारीक झटका देऊन नस तपासायची टेस्ट) केली ती नॉर्मल आली, रिपोर्टचा फोटो पाठवला आहे. आता फिजिओथेरपीच्या ताई म्हणतात, पुन्हा टेस्ट करा, या वेळी मानेतल्या नसेची, सुई घालून. सासूबाई म्हणतात मानेत सुई आणि करंट नको, मेंदू जवळ असतो, अर्धांगवायू होईल. मिस्टर म्हणतात एकदा नॉर्मल आली, आता परत पैसे कशाला? टेस्ट करू का? आणि गाठ काढली त्या डॉक्टरांना जाऊन विचारू का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर

ताई, टेस्ट करा. आणि याच महिन्यात करा.

तुम्ही पाठवलेला रिपोर्ट मी नीट वाचला. त्यात मीडियन, अल्नर आणि रेडियल या तीन नसा तपासल्या आहेत, दोन्ही हातांच्या. तिन्ही ठणठणीत आहेत. रिपोर्ट खोटा नाही आणि ज्यांनी टेस्ट केली त्यांचं काही चुकलेलंही नाही, कारण चिठ्ठीवर "दोन्ही हातांची एनसीव्ही" एवढंच लिहिलेलं दिसतं. पण या तिन्ही नसा मानेच्या खालच्या भागातून निघून बोटांपर्यंत जातात. तुमची बोटं नीट चालतात, सुईत दोरा ओवता येतो, कात्री धरता येते, ते तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. खांदा वर उचलणारी नस वेगळी आहे आणि तिला अजून कोणी हातच लावलेला नाही. शेतातल्या विहिरीवरची मोटार बंद पडली आणि वायरमन घरातलं मीटर बघून "सगळं चालू आहे" म्हणून गेला, तसं झालं आहे. मिस्टरांना एवढंच सांगा: ही टेस्ट "परत" नाही, ही पहिल्यांदाच होते आहे.

(नस म्हणजे इथे रक्ताची नव्हे. मेंदूकडून स्नायूला हुकूम नेणारी, पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसणारी नस.)

मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. त्यातल्या शेवटच्या चार, म्हणजे नववी ते बारावी, कवटीच्या तळातून मानेत उतरतात आणि घसा, आवाज, खांदा व जीभ सांभाळतात. तुमच्या खांद्याची नस अकरावी. तिचं नाव स्पायनल ॲक्सेसरी. हिचा रस्ता मोठा विलक्षण आहे. तिचे धागे मानेच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूतून निघतात, वर चढून कवटीत शिरतात आणि नवव्या-दहाव्या नसेच्या सोबतीने दुसऱ्या भोकातून पुन्हा मानेत येतात. मग कानामागून छातीच्या हाडाकडे तिरका जाणारा जो जाड स्नायू आहे त्याला ती एक फांदी देते. तिथून बाहेर पडली की मानेच्या बाजूचा त्रिकोणी भाग ओलांडून ट्रॅपेझियस नावाच्या स्नायूत शिरते. ट्रॅपेझियस म्हणजे मान आणि खांदा यांच्यामधला तो मांसल भाग, जो दिवसभर मशिनवर बसल्यावर आपण स्वतःच चोळतो. तोच खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला असतो.

त्या त्रिकोणी भागातच सगळी गोम आहे. तिथे ही नस कातडीच्या आणि एका पातळ पडद्याच्या खालून जाते, खोल अजिबात नाही, आणि तिच्या आजूबाजूला गाठींची रांग असते. टीबीत सुजतात त्या याच गाठी. म्हणून मानेची गाठ काढताना या नसेला इजा होणं जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. वैद्यकीय उपचारांच्या ओघात या नसेला होणाऱ्या इजांमध्ये हे कारण पहिलं येतं. माहीत असूनही ती उशिराच ओळखली जाते, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. पेशंटची तक्रार "खांदा दुखतो" अशी असते, आणि खांदा दुखण्याची कारणं ढीगभर असतात.

तुमच्या पत्रातल्या दोन ओळी मी खाली रेघ मारून ठेवल्या. पदर घसरतो ही एक. खांद्याला वरून धरून ठेवणारा स्नायू सैल पडला की खांद्याचा उतार वाढतो आणि त्यावर काही ठरत नाही, पदर नाही की पर्सचा पट्टा नाही. दुसरी ओळ कानाच्या पाळीची. पाळीला संवेदना देणारी नस त्याच तिरक्या स्नायूच्या मागच्या काठावरून वर वळते, आणि अकरावी नस त्याच काठातून तिच्यापासून बोटभर अंतरावर बाहेर पडते. पाळी बधिर म्हणजे हत्यार किंवा टाका त्या आसपास फिरला होता एवढं नक्की. अकरावीला काय झालं हे त्यावरून सिद्ध होत नाही, पण संशय पक्का होतो.

घरी दोन गोष्टी करून बघा. आरशासमोर उभ्या राहा, मिस्टरांना तुमच्या उजव्या गालावर तळहात ठेवायला सांगा आणि तुम्ही तोंड उजवीकडे जोर लावून वळवा. डाव्या बाजूचा तिरका स्नायू दोरीसारखा ताठ उठून दिसला तर तो शाबूत आहे, म्हणजे त्याची फांदी निघेपर्यंत नस चांगली आहे आणि बिघाड त्याच्या पुढे, गाठीच्या जागी आहे. मग पाठ त्यांच्याकडे करून दोन्ही हात बाजूने हळूहळू वर न्या. डावा हात खांद्याच्या रेषेपर्यंत येऊन अडला आणि डाव्या बाजूचा फरा, म्हणजे पाठीवरचं खांद्याचं चपटं हाड, बाहेरच्या बाजूला सरकून टोकदार दिसला, तर तसा फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना पानभर वर्णनापेक्षा तो फोटो जास्त सांगेल.

फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने हात उचलला तरी तो वर जात नाही, सांधाच आखडलेला असतो. तुमचा हात मिस्टर वर नेऊ शकतात असं तुम्ही लिहिलं आहे. मानेच्या मणक्याचं दुखणं बहुतेक वेळा हातात कळ घेऊन उतरतं, बोटांना मुंग्या आणतं. ते तुम्हाला नाही. आणि टीबीच्या गोळ्यांचं म्हणाल, तर त्यातल्या आयसोनियाझिडने नसांना त्रास होऊ शकतो हे खरं आहे, पण तो दोन्ही पायांच्या तळव्यांपासून सुरू होतो, मुंग्या आणि जळजळ होते. तो एकट्या डाव्या खांद्यावर कधी बसत नाही. तो टाळायलाच सोबत बी-६ची गोळी देतात. टीबीच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. खांद्याच्या काळजीत गोळ्या सोडल्या तर दोन्हीकडून नुकसान होईल.

आता सासूबाईंची भीती. ती खोटी म्हणून झटकू नका, त्यांना हा पुढचा भाग वाचून दाखवा.

टेस्टच्या खोलीत तुम्हाला स्टुलावर बसवतील, डावा खांदा आणि मान उघडी ठेवून. म्हणून पुढून उघडणारा, सैल गळ्याचा ब्लाऊज घाला, आणि त्या दिवशी मानेला तेल, क्रीम, पावडर काही लावू नका. सोबत बाई मदतनीस हवी असं सांगितलंत तरी चालेल, तो तुमचा हक्क आहे. ट्रॅपेझियसच्या मधोमध एक चकती चिकटवतील, खांद्याच्या हाडावर दुसरी. मग तिरक्या स्नायूच्या मागच्या काठावर दोन बोथट टोकांचं यंत्र टेकवून बारीक झटका देतील. त्या झटक्याचा काळ एका सेकंदाच्या दहा हजार भागांतला एखाद-दोन भाग असतो. चिमटा काढल्यासारखं वाटतं आणि खांदा आपोआप टुणकन उडतो. यंत्र जरा खाली सरकलं तर हातही उडतो, घाबरू नका, तिथे हाताच्या नसा असतात. झटका नसेतून स्नायूकडे जातो. मेंदूपर्यंत पोहोचून त्याला इजा करील असं त्यात काही नाही. ही टेस्ट करून अर्धांगवायू होत नाही. दवाखान्यातल्या ज्या शॉकच्या गोष्टी सासूबाईंनी ऐकल्या असतील तो उपचारच वेगळा, त्याचा आणि याचा काही संबंध नाही.

झटका दिल्यापासून स्नायूची लाट पडद्यावर उठेपर्यंतचा वेळ मोजतात. चांगल्या नसेत तो दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो. पण तुमच्या बाबतीत वेळेपेक्षा लाटेची उंची महत्त्वाची. जितके धागे जिवंत तितकी लाट उंच. म्हणून उजव्या बाजूचीही करायलाच हवी. तुमचा उजवा खांदाच तुमचं माप आहे, पुस्तकातला आकडा त्याच्यानंतर. डावी लाट उजवीच्या निम्म्याहून कमी भरली तर नसेचं बरंच नुकसान झालं आहे असं आम्ही धरतो.

हा झटक्याचा भाग म्हणजे कंडक्शन. दुसरा भाग सुईचा, त्याला ईएमजी म्हणतात. ही सुई बारीक असते, तिच्यातून औषध जात नाही आणि करंटही जात नाही. ती फक्त ऐकते. खरंच ऐकते, कारण स्नायूतली हालचाल यंत्राच्या स्पीकरवर आवाजाच्या रूपात येते. खांदा सैल सोडला की निरोगी स्नायू गप्प असतो, सुई स्थिर झाली की स्पीकरवर शांतता. ज्या स्नायूची नस तुटली आहे तो गप्प बसत नाही. त्याचे सुटे धागे आपोआप थरथरत राहतात आणि स्पीकरवर पत्र्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखी टिकटिक येते, अगदी एका ठेक्यात. रोज ऐकूनही तो आवाज आला की माझा हात थांबतो. मग खांदा उचलायला सांगतात, आणि उचलताना किती नवे आवाज मिसळतात त्यावरून किती धागे मेंदूचा हुकूम अजून मानतात ते कळतं. सुई टोचताना इंजेक्शनइतकं दुखतं, नंतर एक-दोन दिवस जागा ठणकते, कधी निळसर डाग पडतो. फुप्फुसाचं टोक खांद्याखाली असतं म्हणून सुई उथळ ठेवतात, आणि रोज हे काम करणाऱ्याला ते अंगवळणी पडलेलं असतं. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगा. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं असतं. तुम्हाला दोन्ही नाहीत.

तीन महिन्यांपूर्वीच का नाही केली, असं तुम्हाला वाटेल. याचं उत्तर १८५० सालच्या एका प्रयोगात आहे. ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टराने बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की कापलेल्या जागेच्या पुढचा भाग लगेच मरत नाही, दिवसागणिक विरघळत जातो. त्या नसा नवव्या आणि बाराव्या क्रमांकाच्या होत्या, म्हणजे तुमच्या अकरावीच्या अगदी सख्ख्या शेजारणी. या विरघळण्याला आजही त्याचंच नाव आहे. त्याचा अर्थ असा की नस तुटल्यावर पहिल्या काही दिवसांत पुढच्या तुकड्याला झटका दिला तर स्नायू उडतो आणि टेस्ट फसते. लाट नाहीशी व्हायला आठवडाभर लागतो, आणि सुईत ती टिकटिक यायला दोन ते तीन आठवडे. म्हणून आम्ही तीन आठवडे थांबायला सांगतो. तुमचे साडेतीन महिने झाले. टेस्ट फसण्याचा काळ केव्हाच उलटला.

आणि दुसरं घड्याळ आता चालू आहे. नस पुन्हा वाढते, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम तीन सेंटीमीटर. तुमच्या मानेवरच्या व्रणापासून ट्रॅपेझियसच्या वरच्या भागापर्यंत टेप धरून मोजा, तुम्ही शिवणाऱ्या आहात, माप तुमच्याइतकं नेमकं कोण घेईल! पाच-सहा सेंटीमीटर भरलं तर नसेला तिथे पोहोचायला दोन महिने, आणि सुरुवातीला सावरायला काही आठवडे. म्हणजे नस आपण होऊन जुळत असेल तर तिची पहिली चाहूल आज-उद्याच्या टेस्टमध्ये लागायला हवी. खांदा हलताना दिसण्याच्या आधीच सुईला ती चाहूल लागते, बारीक, तुटक, वेड्यावाकड्या लाटांच्या रूपात. त्या लाटा दिसल्या तर आनंदाने थांबायचं, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं.

त्या दिसल्याच नाहीत, झटक्याला लाट शून्य आणि खांदा उचलताना सुईला काही ऐकू येत नाही, तर थांबण्यात अर्थ नाही. नस दुभंगलेली आहे किंवा टाक्यात-व्रणात पुरती अडकली आहे असं धरून नसेचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडे जायचं. ते जागा उघडून बघतात. नस नुसती व्रणात गुरफटली असेल तर मोकळी करतात, तुटली असेल आणि टोकं जुळत असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात, अंतर पडलं असेल तर पोटरीच्या मागची किंवा कानाजवळची एक संवेदनेची नस घेऊन सांधतात. पोटरीची घेतली तर पावलाच्या बाहेरच्या कडेचा थोडा भाग बधिर राहतो, हे आधी माहीत असू द्या. इजेपासून सहा महिन्यांच्या आत हे झालं तर फळ चांगलं मिळतं, पुढे ते कमी होत जातं. वर्ष-दीड वर्ष हुकूम न मिळालेला स्नायू वाळून त्याच्या जागी चरबी आणि तंतू भरतात, मग नस कितीही छान शिवली तरी तिला पोहोचायला घर उरत नाही. त्यानंतरही मार्ग आहे, पाठीतले दुसरे स्नायू सोडवून फऱ्यावर नव्या जागी बांधतात, पण ते मोठं ऑपरेशन आहे.

एक बारकावा सांगते, कारण रिपोर्टवर तो गोंधळ घालतो. ट्रॅपेझियसला थोडी मदत मानेच्या तिसऱ्या-चौथ्या नसेकडूनही मिळते, माणसागणिक कमी-जास्त. त्यामुळे अकरावी पूर्ण तुटलेली असतानाही सुईला एखाद-दुसरी जिवंत लाट दिसू शकते. तेवढ्यावर "सुधारणा आहे" असं लिहून आलं तर विचारा की झटक्याची लाट किती आली, उजवीच्या तुलनेत. दोन्ही आकडे एकत्र वाचले तरच खरं कळतं.

आता चिठ्ठी. फिजिओच्या ताईंनी बरोबर ओळखलं आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. न्यूरॉलॉजिस्ट किंवा सर्जनकडून चिठ्ठी घ्या आणि तिच्यावर स्पष्ट लिहून घ्या: "स्पायनल ॲक्सेसरी नसेची कंडक्शन दोन्ही बाजूंची, आणि ट्रॅपेझियसच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागाची तसंच तिरक्या स्नायूची सुईची ईएमजी." सोबत लिहा: मानेच्या गाठीची बायोप्सी, तारीख अमुक. "डावा हात, एनसीव्ही" एवढंच लिहिलं तर पुन्हा तीच मीडियन-अल्नर होईल आणि पुन्हा नॉर्मल येईल. फोन करून आधी विचारा, "खांद्याची अकरावी नस तुमच्याकडे करतात का? सुईची टेस्ट डॉक्टर स्वतः करतात का?" सुईची टेस्ट डॉक्टरांनी स्वतः करायची असते. बऱ्याच ठिकाणी फक्त हातापायांचं काम होतं, त्यांनी "नाही" म्हटलं तर राग मानू नका, दुसरीकडे जा. सोलापूर किंवा पुण्याला जावं लागेल. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात खर्च कमी येतो. पुढे ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, हे ऑपरेशन योजनेत बसतं का ते दाखल होण्याआधी विचारा.

तिथे डॉक्टर तुम्हाला जीभ बाहेर काढायला लावतील, "आ" म्हणायला सांगतील, आवाज बसला का, पाणी पिताना ठसका लागतो का ते विचारतील. हे उगाच नसतं. नववी, दहावी आणि अकरावी कवटीच्या एकाच भोकातून बाहेर येतात. तिघींचं काम एकदम बिघडलं तर दोष मानेतल्या गाठीच्या जागी नसून कवटीच्या तळाशी असू शकतो, आणि मग एमआरआय लागतो. तुमचा आवाज चांगला आहे, ठसका नाही, म्हणून मला ती शक्यता दिसत नाही. दहाव्या नसेची टेस्ट स्वरयंत्राच्या स्नायूत बाहेरून सुई घालून करतात, थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज बसला की ती कामी येते. बाराव्या नसेसाठी हनुवटीच्या खालून जिभेच्या स्नायूत सुई घालतात. नववीला मात्र अशी रोजच्या वापरातली टेस्ट नाही, ती घशातल्या एकाच लहानशा स्नायूला चालवते आणि तो हाताशी येत नाही. तुम्हाला यातलं काही लागणार नाही. कोणी सुचवलं तर कारण विचारा.

टेस्ट होईपर्यंत खांदा सांभाळा. मशिनवर बसताना डाव्या कोपराखाली घडी केलेली चादर किंवा उशी ठेवा, हात लोंबकळू देऊ नका. लोंबकळणाऱ्या हाताचं वजन सैल स्नायूला आणि मानेतल्या बाकी नसांना दिवसभर ओढत राहतं, संध्याकाळचं दुखणं त्याचंच आहे. डाव्या हाताने कळशी, बादली, लेकरू उचलू नका. मिस्टरांनी दिवसातून दोन-तीनदा तुमचा हात हलकेच पूर्ण वर नेऊन आणावा, म्हणजे सांधा आखडणार नाही. हे टाळलं तर आज जो फ्रोझन शोल्डर नाही तो दोन महिन्यांनी खरंच होईल, आणि मग नस जुळूनही हात वर जाणार नाही. व्रणावर जोरात चोळून तेल लावणं, मान मोडून घेणं, हात ओढून घेणं, यातलं काही करू नका. करंटच्या मशिनने खांदा शेकून नस जुळत नाही, तेवढ्यासाठी पैसे घालवू नका.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या, भाजीचा व्यवसाय करणाऱ्या. गाठ काढून दोन वर्षं झाली होती. त्यांच्या पिशवीत नऊ रिपोर्ट होते, मानेचा एमआरआय दोनदा, हातांची एनसीव्ही तीनदा, सगळे नॉर्मल. एकातही अकरावी नसेचं नाव नव्हतं. मी झटका दिला, खांदा हलला नाही. सुई घातली तर टिकटिकही फारशी उरली नव्हती, स्नायूच उरला नव्हता. त्या म्हणाल्या, "सगळे म्हणायचे मीच मनाला लावून घेतलंय." त्यांच्या त्या वाक्यामुळे तुमचं पत्र मी बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी घेतलं.

गाठ काढलेल्या डॉक्टरांकडे जा. भांडायला नव्हे, पण घाबरतही नाही. या जागी काम करताना नसेला धक्का लागणं काळजी घेऊनही घडू शकतं. गाठींना सूज असते, सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. पण ऑपरेशनच्या आधी "खांद्याच्या नसेला इजा होऊ शकते" हे तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि टाके काढायला गेलात तेव्हा हात वर करायला लावून बघायला हवं होतं. हे दोन प्रश्न तुम्ही विचारू शकता. त्यांना सांगा की मला अकरावी नसेची टेस्ट करायची आहे आणि मला माझ्या कागदांच्या प्रती हव्यात: ऑपरेशनची नोंद, संमतीपत्र, बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असा वैद्यकीय परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. मागणी लेखी करा, प्रतीवर पोच घ्या. ऑपरेशनच्या नोंदीत "नस ओळखली आणि जपली" असं आहे की नसेचा उल्लेखच नाही, हे पुढच्या सर्जनला फार उपयोगी पडतं. बरेचसे सर्जन असा पेशंट परत आला की स्वतःहून पुढच्या डॉक्टरांना फोन करतात, तुमचेही करतील अशी आशा धरूया. तक्रार करायचीच असं पुढे वाटलं तर ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. तुमच्या स्नायूला तेवढी मुदत नाही, म्हणून आधी टेस्टची तारीख घ्या.

रिपोर्ट आला की त्याच्या शेवटच्या "इम्प्रेशन"चा फोटो पाठवू नका, आतल्या आकड्यांचं पान पाठवा. डावीकडची आणि उजवीकडची लाट, आणि सुईच्या तक्त्यातली ट्रॅपेझियसची ओळ. मी त्याच आठवड्यात उत्तर देईन.